साम्य कोणाच्या मापाने? : युक्रेनी आणि तिच्या शेजारभाषा

१

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यापासून आपल्याकडील वैचारिक लेखनात आणि चर्चासत्रांत एक विधान सहजगत्या केले जाते : युक्रेनी ही मूलतः रशियनचीच एक बोली असून राजकारणाने तिला भाषेचा दर्जा दिला. त्याच्या प्रतिवादासाठी आकडे पुढे केले जातात. कोस्त्यान्तिन तिश्चेन्को यांच्या शब्दांतराच्या मोजणीवर आधारलेले हे आकडे आता सर्वत्र फिरतात. युक्रेनीचे बेलारुशियनशी ८४ टक्के, पोलिशशी ७० टक्के आणि रशियनशी ६२ टक्के शब्दसाम्य आहे, सबब ती रशियनची बोली असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्यांतून काढला जातो.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप या दोन्ही पक्षांवर आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन भूमिकांचे गृहीतक एकच आहे. दोन भाषा किती सारख्या आहेत हे मोजले की त्यांपैकी एक भाषा आहे की बोली हे ठरते, असे दोघेही मानतात. एकाला साम्य जास्त दिसते, दुसऱ्याला कमी. पण तराजू दोघांचा एकच आहे. हा तराजूच खोटा आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो हाती घेणे म्हणजे आपल्या शास्त्राचा अधिकार जनगणनेच्या कारकुनाकडे सोपविणे होय, असे माझे म्हणणे आहे.

टक्केवारीला सर्वमान्य मानणाऱ्यांनी एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. ८४ टक्के साम्य असलेल्या युक्रेनी आणि बेलारुशियन या एकाच भाषेच्या दोन बोली आहेत असे कोणी म्हणत नाही. मग ६२ टक्के साम्य असलेल्या युक्रेनी आणि रशियन यांच्याविषयीच हा प्रश्न का उपस्थित होतो? चेक आणि स्लोव्हाक यांचे बोलणारे परस्परांना दुभाष्याविना समजून घेतात. तरी त्या दोन भाषा आहेत. प्रश्न विचारला जातो तो साम्य जेथे जास्त आहे तेथे नव्हे, तर सत्ता जेथे एकतर्फी होती तेथे. हे एकदा लक्षात आले, की आकड्यांच्या तटस्थतेवरील आपला विश्वास ढळायला हवा.

२

साम्य नाही असे मात्र नव्हे. ते विपुल आहे. परंतु ते एका दिशेचे नाही. 'डोके' या अर्थाचा एकच शब्द घेतला तरी हे स्पष्ट होते. युक्रेनीत तो 'होलोवा', रशियनच्या उच्चारात 'गलावा', बेलारुशियनमध्ये 'हलावा', पोलिशमध्ये 'ग्वोवा' आणि चेकमध्ये 'ह्लावा' असा आहे. 'ल'च्या दोन्ही बाजूंना स्वर असणे हे युक्रेनी, रशियन आणि बेलारुशियन या तिघींचे समान लक्षण. पोलिश आणि चेक येथे वेगळ्या पडतात. आरंभीचा 'ह' मात्र युक्रेनीला बेलारुशियन, चेक आणि स्लोव्हाक यांच्या पंक्तीत बसवितो. येथे रशियन आणि पोलिश 'ग' राखून एकत्र येतात. आघात नसलेला 'ओ' तसाच उच्चारणे या तिसऱ्या लक्षणात युक्रेनी रशियनपासून दुरावते, आणि तिची सर्वांत निकटची मानली जाणारी बेलारुशियनही येथे रशियनच्या बाजूला जाते. एका शब्दातून तीन सीमारेषा जातात आणि तिन्ही वेगवेगळ्या नकाशांच्या आहेत.

इतर लक्षणांचेही असेच आहे. 'मांजर' या अर्थाचा शब्द रशियन आणि पोलिश दोहोंत 'कोत' आहे. युक्रेनीत तो 'कित' होतो, पण विभक्तिप्रत्यय लागताच 'कोता' असे मूळ रूप परत येते. बंद अवयवातील 'ओ'चा 'इ' होणे ही युक्रेनीची ठळक खूण आहे. शब्दान्तीचे घोष व्यंजन रशियन, पोलिश आणि बेलारुशियन या तिन्ही भाषांत अघोष होते. 'ओक वृक्ष' या अर्थाचा 'दुब' रशियन माणसाच्या तोंडी 'दुप' असा ऐकू येतो. युक्रेनीत तो 'दुब'च राहतो. संबोधनाची विभक्ती युक्रेनी, पोलिश आणि चेक यांनी सांभाळली. रशियनमध्ये तिचे 'बोझे' (हे देवा) यांसारखे अवशेष तेवढे उरले. संस्कृत व्याकरण शिकलेल्या आणि 'मुलांनो' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला या विभक्तीचे मोल सांगावे लागू नये. भविष्यकाळाचे 'रोबितिमु' (मी करीत राहीन) असे एकपदी रूप तर रशियन, पोलिश व बेलारुशियन या तिन्ही शेजारणींच्या प्रमाण रूपांत नाही.

या साऱ्या तपशिलाची बेरीज करून टक्का काढता येतो. परंतु काढलेल्या टक्क्यातून हे सांगता येत नाही की कोणत्या लक्षणाला किती वजन द्यावयाचे. ध्वनी मोजावेत की विभक्ती, क्रियापद की नाम, शेताची शब्दसंपदा की शाळेची? मोजणारा हे आधी ठरवितो आणि मग मोजणी त्याला हवे ते सांगते. मोजणी अप्रामाणिक असते असे नव्हे. तिचा प्रश्न तिच्याबाहेर ठरलेला असतो.

इतिहासाचा आधार घेऊनही हा पेच सुटत नाही. कोलंबिया विद्यापीठात अध्यापन केलेले युरी शेवेलोव्ह यांनी १९७९ मध्ये युक्रेनीच्या ध्वनिव्यवस्थेचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला आणि पूर्व स्लाव्हांची एकसंध मूळभाषा कधी अस्तित्वातच नव्हती, असा पक्ष मांडला. दुसऱ्या बाजूने, १९५१ पासून नोव्हगोरोद येथे सापडत आलेल्या भूर्जपत्रांचा आन्द्रेइ झालिझ्न्याक यांनी केलेला अभ्यास सांगतो की अकराव्या-बाराव्या शतकांतील सर्वांत खोल भेद नोव्हगोरोदची बोली आणि इतर पूर्व स्लाव्ही बोली यांच्यात होता. ज्या प्रदेशाला आज कोणी रशियाबाहेरचा म्हणणार नाही, त्याचीच बोली तेव्हा सर्वांत वेगळी होती. म्हणजे आजची सीमा हजार वर्षांपूर्वी तशीच होती हे म्हणणे जितके निराधार, तितकेच हजार वर्षांपूर्वी सारे एक होते हे म्हणणेही निराधार. जुलै २०२१ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी लोकांच्या ऐतिहासिक एकतेवर जो लेख प्रसिद्ध केला, त्याचा डोलारा या दुसऱ्या समजुतीवर उभा आहे. परंतु त्याचे खंडन करण्यासाठी पहिली समजूत कवटाळण्याचे कारण नाही.

३

युक्रेनीविरुद्धचा सर्वांत जुना आरोप संकराचा आहे. पोलिश सत्तेखाली भ्रष्ट झालेली रशियन ती युक्रेनी, असे एकोणिसाव्या शतकापासून ऐकविले जाते. युक्रेनीत पोलिशमार्गे आलेले शब्द पुष्कळ आहेत, यात शंका नाही. आभार मानताना युक्रेनी माणूस 'द्याकुयु' म्हणतो, पोलिश माणूस 'जेन्कुये'. दोघांनीही तो शब्द जर्मनकडून घेतला. कागद युक्रेनीत 'पापिर', पोलिशमध्ये 'पापियेर' आणि रशियनमध्ये 'बुमागा'. काही शब्दांनी तर रशियन वाचकाची फसगतच होते. रशियन 'चास' म्हणजे तास. युक्रेनी आणि पोलिश 'चास' म्हणजे काळ. रशियन 'नेदेल्या' म्हणजे आठवडा. युक्रेनी 'नेदिल्या' म्हणजे रविवार. रशियन 'उरोद' म्हणजे विद्रूप माणूस. युक्रेनी 'व्रोदा' आणि पोलिश 'उरोदा' म्हणजे सौंदर्य.

परंतु हा आरोप करणारी रशियन स्वतः कशी घडली? शत्रू या अर्थाचा अस्सल पूर्व स्लाव्ही शब्द युक्रेनीत 'वोरोह' असा टिकला. रशियनच्या प्रमाण रूपात 'व्राग' हा शब्द आला तो दक्षिण स्लाव्ही मुळाच्या चर्च-स्लाव्होनिक या धर्मभाषेतून. गोड या अर्थी युक्रेनी 'सोलोदकिय' म्हणते, रशियन धर्मभाषेतले 'स्लादकिय' वापरते. काळवाचक 'व्रेम्या'ची कथा हीच. 'लेनिनग्राद' या आपल्याला परिचित नावातील 'ग्राद' हेही परकेच रूप; रशियनचे घरचे रूप 'गोरोद'. म्हणजे दोन्ही भाषांनी बाहेरून घेतले. एकीने पश्चिमेच्या शेजाऱ्याकडून घेतले, दुसरीने दक्षिणेच्या धर्मपीठाकडून. मात्र एकीच्या उसनवारीला भ्रष्टता म्हटले जाते आणि दुसरीच्या उसनवारीला अभिजात संस्कार. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' रचण्याची गरज भासावी इतकी फारसी मराठीत होती. त्यावरून मराठी ही फारसीची बोली असल्याचा सिद्धान्त कोणी मांडला नाही. उसनवारीवरून कुळ ठरत नाही, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा शेजारी बलाढ्य असला की विसरला जातो.

एकेका शब्दाच्या साम्यावर विसंबणे किती घातक, हे मराठी वाचकाला दाखविण्यासाठी साखरेचे उदाहरण पुरेसे आहे. रशियनमध्ये साखरेला 'साखर' म्हणतात. युक्रेनीत 'त्सुकोर', पोलिशमध्ये 'त्सुकेर'. वरवर पाहणारा म्हणेल, या बाबतीत रशियन मराठीची सख्खी बहीण आणि युक्रेनी परकी. वास्तविक तिन्ही ठिकाणचा शब्द अखेर 'शर्करा'कडेच जातो. रशियनमध्ये तो ग्रीकमार्गे पोचला. युक्रेनीत तो अरबी, इटालियन, जर्मन आणि पोलिश अशी वाटचाल करून आला. दोन्ही शब्दांत साम्य किती हा प्रश्न गौण आहे. ते कोणत्या वाटेने आले, त्या वाटेवर कोणती बाजारपेठ, कोणते धर्मपीठ आणि कोणती राजसत्ता होती, हा खरा प्रश्न. टक्केवारीच्या तक्त्यात वाटा दिसत नाहीत. फक्त मुक्काम दिसतात.

४

याहून गंभीर बाब अशी की साम्य हे नेहमीच निसर्गाने दिलेले नसते. ते घडविलेही जाते. १९२८ साली युक्रेनीचे जे प्रमाण लेखन मान्य झाले, ते पूर्व आणि पश्चिम युक्रेनमधील परंपरांचा मेळ घालणारे होते. १९३३ मध्ये ते रद्द झाले आणि त्याचे शिल्पकार, शिक्षणखात्याचे माजी प्रमुख मिकोला स्क्रिप्निक यांनी त्याच वर्षी आत्महत्या केली. नव्या नियमांनी 'ग' या ध्वनीचे स्वतंत्र अक्षर वर्णमालेतून काढून टाकले. ते १९९० मध्येच परत आले. शास्त्रीय परिभाषेच्या कोशांतील देशी संज्ञा 'राष्ट्रवादी' ठरवून वगळण्यात आल्या आणि रशियनशी मिळत्याजुळत्या संज्ञा त्यांच्या जागी बसविण्यात आल्या. १९३८ मध्ये सर्व बिगररशियन शाळांतून रशियन सक्तीची झाली. इतके केल्यानंतर दोन भाषांची तुलना करावयाची आणि त्या किती सारख्या आहेत पाहा असे म्हणावयाचे, हे तर्कशास्त्राला धरून नाही. ज्या साम्याला पुरावा म्हणून उभे केले जाते, त्याचा काही भाग शासकीय आदेशाने निर्माण झालेला आहे.

परस्परांना समजण्याच्या कसोटीचेही तेच. युक्रेनी माणसाला रशियन समजते, कारण पिढ्यानपिढ्या शाळा, सैन्य, कचेरी आणि चित्रपट यांनी ती त्याला शिकविली. युक्रेनीशी कधी संबंध न आलेल्या रशियन माणसाला मात्र ती सहजी उमगत नाही. समजणे हे येथे भाषांमधील अंतर दाखवीत नाही. कोणाला कोणाची भाषा शिकावी लागली एवढेच दाखविते. दोन्हींच्या सरमिसळीतून झालेल्या बोलण्याला युक्रेनमध्ये 'सुर्झिक' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मिश्र धान्याचे पीठ. ते पीठ कोणत्या जात्यात दळले गेले, हे विसरून त्याच्या चवीवर निबंध लिहिणाऱ्या अभ्यासकांची कीव करावीशी वाटते.

५

आता वाङ्मयीन प्रश्नाकडे वळू. कारण माझ्या मते निर्णायक साक्ष तेथेच मिळते, आणि तीही बंदी घालणाऱ्यांच्या तोंडून.

१८६३ मध्ये रशियन साम्राज्याचे गृहमंत्री प्योतर वालुयेव यांनी काढलेल्या परिपत्रकाने युक्रेनीतील धार्मिक, शैक्षणिक आणि सामान्य लोकांच्या प्राथमिक वाचनाच्या पुस्तकांचे प्रकाशन थांबविले. स्वतंत्र अशी युक्रेनी भाषा नाहीच, असा त्यामागील दावा होता. ललित वाङ्मयाला मात्र मुभा होती. १८७६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने एम्स येथून काढलेल्या आदेशाने ही बंदी अधिक कडक केली. परदेशांतून युक्रेनी पुस्तके आणण्यास मनाई झाली, रंगभूमीवर निर्बंध आले आणि अनुवादांवर बंदी आली. ऐतिहासिक दस्तऐवज व रशियन लेखनपद्धतीतील ललित लेखन तेवढे, तेही सेन्सॉरच्या परवानगीने, छापता येणार होते.

या दोन आदेशांतील अपवाद बारकाईने वाचायला हवेत. साम्राज्याला युक्रेनीतील ललित लेखनाची भीती नव्हती. भीती होती ती पाठ्यपुस्तकाची, शुभवर्तमानाची आणि अनुवादाची. बोलीने हसावे, ग्रामीण गोडव्याने नागर वाचकाचे रंजन करावे, याला कोणाची हरकत नव्हती. तिने भूमिती शिकवू नये, देवाशी बोलू नये आणि अन्य भाषेतील ग्रंथाला थेट, रशियनच्या मध्यस्थीविना भिडू नये, एवढीच अट होती. भाषा आणि बोली यांच्यातील सीमारेषा इतक्या नेमकेपणाने कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाने आखलेली नाही. आणि जी अस्तित्वातच नाही तिच्यावर बंदी घालावी लागणे, यातच दाव्याचा पराभव होता. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या शाही विज्ञान अकादमीने फ्योदर कोर्श, अलेक्सेइ शाखमातव आदींच्या अहवालाद्वारे हे निर्बंध उठविण्याच्या बाजूने कौल दिला. शाखमातव हे पूर्व स्लाव्हांच्या मूळ भाषिक एकतेचे खंदे पुरस्कर्ते होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. मूळची एकता मानूनही आजच्या भाषेचा हक्क मान्य करता येतो, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

माक्स वाइनराइख यांनी १९४५ मध्ये नोंदविलेली, भाषा म्हणजे सैन्य आणि आरमार लाभलेली बोली, ही उक्ती आपल्याकडे शहाणपणाचा शेवटचा शब्द म्हणून वारंवार उद्धृत होते. युक्रेनीच्या बाबतीत ती साफ कोसळते. कोसाकांचे हेतमानपद १७६४ मध्ये आणि त्यांचा झापोरोझ्झ्यातील तळ १७७५ मध्ये नष्ट झाला. आधुनिक युक्रेनी वाङ्मयाचा आरंभ मानली जाणारी इवान कोत्ल्यारेव्स्कीची 'एनेइदा' १७९८ मध्ये, म्हणजे सैन्य गेल्यानंतर, छापली गेली. तारास शेवचेन्कोचा 'कोबझार' १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रसिद्ध झाला, तेव्हा या भूदासपुत्राला मुक्त होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. १८४७ मध्ये त्याला सक्तीच्या सैनिकी सेवेवर धाडण्यात आले, तेव्हा लिहिण्या-चितारण्याची बंदी स्वतः झारने घातली. सैन्य होते ते समोरच्या बाजूला. भाषा उभी राहिली ती कवितेवर.

हाइन्त्स क्लोस यांनी या संदर्भात केलेला भेद अधिक उपयुक्त आहे. काही भाषा केवळ अंतरामुळे भाषा ठरतात. काही भाषा त्यांच्या लेखकांनी, कोशकारांनी, अनुवादकांनी आणि शिक्षकांनी विकसित केल्यामुळे भाषा ठरतात. पहिल्यांना अंतरसिद्ध आणि दुसऱ्यांना विकाससिद्ध म्हणता येईल. युक्रेनीला अंतराचाही आधार आहे. पण तिचा दर्जा ठरला तो विकासाने. कोत्ल्यारेव्स्कीने व्हर्जिलचे विडंबन केले. सव्वाशे वर्षांनी मिकोला झेरोव्ह त्याच भाषेत लॅटिन कवींचे गंभीर अनुवाद करू लागला. विडंबनापासून अनुवादापर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका भाषेच्या प्रौढत्वाचा इतिहास होय. १९२५ ते १९२८ या काळात चाललेल्या वाङ्मयीन वादात मिकोला ख्विलोवी या कम्युनिस्ट लेखकाने युक्रेनी वाङ्मयाने मॉस्कोकडे पाठ फिरवून युरोपशी थेट नाते जोडावे, अशी मागणी केली. १९२६ मध्ये खुद्द स्टालिनला त्याची पत्राने दखल घ्यावी लागली. मे १९३३ मध्ये ख्विलोवीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. झेरोव्हला ३ नोव्हेंबर १९३७ रोजी सान्दरमोख येथे गोळ्या घालण्यात आल्या. अनुवादावरील १८७६ ची बंदी आणि अनुवादकाचा १९३७ मधील वध यांतील सातत्य ज्याला दिसत नाही, त्याने शब्दसाम्याचे तक्ते कितीही बिनचूक मांडले तरी त्याला या भाषेविषयी काही कळले असे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे गोगोल रशियन लेखक म्हणून वाचला जातो आणि ते चूकही नाही; त्याने रशियनमध्येच लिहिले. परंतु त्याच्या दिकान्काविषयक कथांना (१८३१-३२) युक्रेनी शब्दांची सूची जोडलेली होती आणि 'सोरोचिन्त्सीची जत्रा' या कथेतील प्रकरणांवर कोत्ल्यारेव्स्कीच्या आणि स्वतःच्या वडिलांच्या युक्रेनी लेखनातील उद्धरणे होती. शब्दसूची प्रादेशिक कादंबरीलाही जोडतात, असा आक्षेप घेता येईल, आणि तो मला मान्य आहे. उद्धरणांचे काय? उद्धरण देण्यासाठी आधी वाङ्मय असावे लागते. गोगोलच्या रशियन पानावर दुसऱ्या वाङ्मयाची सावली पडलेली आहे. आपल्या समीक्षेला ती दिसली नाही, कारण तिने रशियन वाङ्मयाबरोबर रशियन समीक्षेची नजरही उसनी घेतली. विस्सारिओन बेलिन्स्कीसारखा पुरोगामी समीक्षकदेखील युक्रेनीतील लेखनाला खेडवळ बोलीतील अनावश्यक खटाटोप मानीत होता, हे विसरून चालणार नाही.

६

हा वाद मराठी अभ्यासकासाठी परक्याचा नाही. कोंकणी ही मराठीची बोली आहे, हे सिद्ध करण्यासाठी आपल्या विद्वानांनी शब्दसाम्याचे आणि प्रत्ययसाम्याचे पुरावे अनेक दशके गोळा केले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला मान्यता दिली, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. आपली मोजदाद मात्र चालूच राहिली. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. मराठीमागे साम्राज्य नव्हते, तिने कोंकणीच्या अनुवादांवर बंदी घातली नाही, आणि गोव्यात मराठीची स्वतःची जुनी वाङ्मयपरंपरा आहे. परंतु युक्तिवादाचा साचा तोच होता : साम्य दाखवा आणि दर्जा नाकारा. बोलीचा गोडवा वाखाणताना तिच्यात शास्त्र लिहिण्याची कल्पना हास्यास्पद मानणारी आपली वृत्ती वालुयेवच्या अपवादाहून फार दूर नाही.

या साच्यापासून युक्रेनी अभ्यासकही मुक्त नाहीत. कार्पेथियन पर्वतराजीतील रुसिन बोलणाऱ्यांच्या भाषेचे प्रमाणीकरण १९९५ मध्ये स्लोव्हाकियात जाहीर झाले. सर्बियातील वोयवोदिनात रुसिनला शासकीय मान्यता आहे. युक्रेनमधील अभ्यासकांचा कल मात्र तिला युक्रेनीची बोली मानण्याकडेच राहिला आहे, आणि पुरावा म्हणून पुन्हा साम्यच पुढे येते. जे माप मॉस्कोच्या हाती अन्याय्य ठरते, ते कीव्हच्या हाती न्याय्य ठरू शकत नाही. त्याचप्रमाणे, रशियनपासून जो शब्द सर्वांत दूर तोच सर्वांत शुद्ध, असे मानणारा नवा शुद्धिवादही त्याच मापाचा उलटा उपयोग करतो. नकाराने ठरलेली भाषा प्रतिपक्षाच्याच भाषेभोवती फिरत राहते.

भाषाशास्त्राने साम्य अवश्य मोजावे. ध्वनींचा, विभक्तींचा, उसनवारीच्या वाटांचा इतिहास त्याशिवाय लिहिता येणार नाही. परंतु 'ही भाषा आहे काय' हा प्रश्न त्या मोजणीपुढे ठेवू नये. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार त्या भाषेत लिहिणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना आणि शिकविणाऱ्यांना आहे. युक्रेनीने ते उत्तर १७९८ पासून सतत दिलेले आहे, आणि पुष्कळदा प्राणांचे मोल देऊन दिलेले आहे. ते ऐकण्यासाठी तक्ते बाजूला ठेवून ते वाङ्मय वाचावे लागेल, आणि शक्य तो रशियनच्या मध्यस्थीविना वाचावे लागेल. मराठीत ते अद्याप घडलेले नाही. युक्रेनी मुळातून शिकून तिच्यातून थेट मराठीत अनुवाद करणारे मोजकेच का होईनात, पण अभ्यासक आपल्या विद्यापीठांनी घडविले, तर शेकडा बासष्ट की चौऱ्याऐंशी या वादात वेळ दवडण्याचे आपल्याला कारण उरणार नाही.